सुभेदारीणकाकूंची मिसरी

सुभेदारीणकाकू दारात आलेल्या माणसाला 'या' म्हणायच्या आधी त्याचा हात हुंगत. उजवा हात धरायचा, तर्जनी आणि मधलं बोट जुळवून नाकाशी न्यायचं, क्षणभर डोळे मिटायचे आणि मग निकाल सांगायचा. तोंडाचा वास वेलचीनं मारता येतो, बडीशेपेनं मारता येतो, पण बोटं खोटं बोलत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. मी पहिल्यांदा त्यांच्याकडे गेलो तेव्हा मला यातलं काही ठाऊक नव्हतं. मला वाटलं, बाई हात बघून भविष्य सांगत असतील. त्यांनी माझी बोटं हुंगली, हात सोडला, पदरानं नाक पुसलं आणि म्हणाल्या, "सकाळपासनं चार." पाच झाल्या होत्या, पण पाचवी अर्धीच टाकली होती, म्हणून मी वाद घातला नाही.

ही गोष्ट कोलकात्याजवळच्या बराकपूरची. बँकेनं माझी बदली तिथल्या शाखेत केली तेव्हा मी एकोणतीस वर्षांचा, बिनलग्नाचा आणि दिवसाला पंधरा सिगारेटींचा होतो. गाव कऱ्हाडजवळचं. काकूही साताऱ्याकडच्याच, फौजी गावातल्या. त्यांचे यजमान सुभेदार म्हणून निवृत्त झाले, एका कारखान्यात सुरक्षा अधिकारी म्हणून इथंच राहिले, छावणीमागच्या गल्लीत दोन खोल्या घेतल्या आणि तिथंच फुप्फुसाच्या कॅन्सरनं गेले. मुलगी शुभा न्यू टाउनला एका कंपनीत नोकरीला. दीर-जावा गावी बोलवायचे, पण काकू म्हणायच्या, "त्यांची राख इथल्या गंगेत गेली. आता मी कुठं जाऊ?" पुढचं आत्ताच सांगून टाकतो, कारण शेवटपर्यंत झाकून ठेवण्याइतका मी हुशार लिहिणारा नाही. या बाईंनी माझ्यासकट कितीतरी जणांची तंबाखू सोडवली आणि त्या स्वतः तंबाखूनंच गेल्या. ती तंबाखू त्यांच्या घरात मी आणून देत होतो.

रविवारी दुपारी काकूंकडे जेवायला जायचं, असा बराकपूरच्या मराठी माणसांचा शिरस्ता होता. असतो आम्ही किती? कुणी बँकेतला, कुणी सरकारी खात्यातला, एखाद-दुसरा फौजी. बंगाली माणसाच्या हातचं चांगलंचुंगलं खाऊनही चिंचगुळाच्या आमटीसाठी जीव टाकणारे. पण काकूंच्या पंगतीला एक कायदा होता. ओढणाऱ्याला जेवायला मिळायचं, फोडणी मिळायची नाही. आमटीचं पातेलं उतरल्यावर त्यातली दोन वाट्या नुसती उकडलेली डाळ त्या आधीच बाजूला काढायच्या आणि मगच बाकीच्या डाळीवर चर्रकन फोडणी ओतायच्या. ती पिवळी, मीठपाणी घातलेली डाळ माझ्या ताटात यायची. शेजारचा माणूस भुरके मारतोय आणि आपण आजारी माणसासारखा डाळभात कालवतोय. पहिल्या रविवारी मी जरा तोऱ्यातच विचारलं की हा काय प्रकार? काकू शांतपणे म्हणाल्या, "ज्याला वासच येत नाही, त्याच्यावर माझा हिंग कशाला वाया घालवू?"

मला वास येतो, असं मी ठणकावून सांगितलं. मग त्यांनी फळीवरून मसाल्याचा गोल डबा काढला. आत सात वाट्या. माझे डोळे त्यांनी स्वतःच्या हातानं झाकले आणि एकेक वाटी नाकाखाली धरत गेल्या. "ओळख बघू." हिंग ओळखला, तो मेलेल्या माणसालाही ओळखता येईल. लवंग ओळखली. धन्याला जिरं म्हणालो. दगडफूल, तमालपत्र आणि खसखस या तिन्ही वाट्यांच्या वेळी मी चक्क विचारलं की वाटी रिकामी आहे का. सगळे हसले. काकू हसल्या नाहीत. डबा जागेवर ठेवताना त्या एवढंच म्हणाल्या की सुभेदारांनाही दगडफूल ओळखू यायचं नाही. मी त्याच क्षणी ओशाळलो, पण सोडली मात्र नाही. माणूस तेवढ्यावर सुधारत नसतो.

सुभेदारांच्या आजारात काकू सात महिने रुग्णालयाच्या वऱ्हांड्यात बसल्या होत्या. तिथल्या एका तरुण डॉक्टरला त्यांनी प्रश्न विचारून विचारून हैराण केलं होतं, आणि त्यानं जे सांगितलं ते त्यांनी आपल्या भाषेत पाठ करून ठेवलं होतं. सोडल्यावर चार दिवसांत नाक आणि जीभ जागी व्हायला लागते. महिना-दोन महिन्यांत खोकला हटतो, जिना चढताना दम लागत नाही. वर्षभरात काळीज माफ करतं. "फुप्फुस मात्र लई मानी," असं त्या म्हणायच्या. "ते दहा वर्षं रुसून बसतं. मग कुठं जरा बोलायला लागतं." धूर जातो फुप्फुसात, पण घशापासून मूत्राशयापर्यंत सगळी वाट नासवत जातो, हेही त्या सांगायच्या, आणि जेवताना सांगायच्या. सुभेदारांनी सिगारेट सोडली ती थुंकीत रक्त पडल्यावर. काकू म्हणायच्या, बैल गेला अन् झोपा केला. एरवी त्या सुभेदारांबद्दल एक वावगा शब्द बोलत नसत.

माझं सुटायला पावणेदोन वर्षं लागली. तीनदा सोडली, तीनदा धरली. एकदा तर सियालदाहच्या फलाटावर दोन ओढल्या, लोकलमध्ये लिंबाच्या सालीनं बोटं चोळली आणि साळसूद चेहऱ्यानं रविवारी हजर झालो. काकूंनी बोटं हुंगली. जेवायला बसलो तेव्हा डाळीच्या वाटीशेजारी लिंबाची एक पिळलेली फोड ठेवलेली होती. त्या दिवशी मी खरंच घरी जाऊन पाकीट फेकलं. पहिले पाच दिवस माणसातून उठलो होतो, शाखेत एका म्हाताऱ्या खातेदाराच्या अंगावर विनाकारण ओरडलो. रोज संध्याकाळी काकू फोन करून विचारायच्या, आज काय वास आला? मी सांगायचो, गल्लीत कुणीतरी मासे तळतंय. दुसऱ्या दिवशी, गंगेवरून चिखलाचा वास येतोय. सहाव्या की सातव्या दिवशी शाखेतल्या जुन्या फायलींचा वास आला आणि मला रडू आलं, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. तिसऱ्या रविवारी सातही वाट्या ओळखल्या. काकूंनी माझ्या आमटीवर वेगळी, पळीभर फोडणी घातली, भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर माझ्या नावाची खूण केली आणि म्हणाल्या, "आता फुप्फुसाचा रुसवा मोजायचा."

त्यांची ही शाळा नुसत्या मराठी लोकांपुरती नव्हती. गल्लीच्या तोंडाशी टोटो, म्हणजे बॅटरीवरची रिक्षा, लावणारा माणूस खैनी खायचा. शेजारचे एक निवृत्त शिक्षक जर्द्याचं पान खायचे. काकू दोघांच्याही मागे लागल्या. बंगाली नाकाला दगडफूल काय कळणार, म्हणून त्यांच्यासाठी वेगळा डबा केला, त्यात पंचफोरनचे, म्हणजे बंगाली फोडणीचे, पाच जिन्नस सुटे. टोटोवाला मेथी-मोहरीत गोंधळायचा तेव्हा काकू त्याला बंगालीतून जे फैलावर घ्यायच्या ते ऐकण्यासारखं असे. सारी गल्ली त्यांना मासीमा म्हणायची आणि वचकून असायची. जर्दा, गुटखा, सुपारी, दारू ही चार नावं त्या एका दमात घ्यायच्या. गालात धरलेली तंबाखू धुरापेक्षा कमी नाही, हे त्या टोटोवाल्याला बजावताना मी माझ्या कानांनी ऐकलंय.

आणि याच काकू रोज सकाळ-संध्याकाळ मागच्या दारी, पायरीवर तांब्या घेऊन बसायच्या आणि मिसरी लावायच्या.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. तंबाखूची पानं तव्यावर काळीठिक्कर होईस्तोवर भाजायची, कुटायची, वस्त्रगाळ करायची, की झाली मिसरी. आमच्याकडच्या बायका ती बोटानं दातांना आणि हिरड्यांना लावतात आणि पाव तास, अर्धा तास तशाच बसून राहतात. माझी आजी लावायची, आई लावते, आत्या लावते. भाजायला घेतली की आळीभर ठसका उठतो. पण तंबाखू म्हणून तिच्याकडे कुणी पाहिलंच नाही. बाप्ये तंबाखू खातात, बाप्ये विडी ओढतात, बायका दात घासतात. काकू दहाव्या वर्षापासून लावत होत्या. लग्न होऊन छावण्या-छावण्यांतून हिंडल्या, पंजाब झालं, आसाम झालं, मिसरी गावाकडून येत राहिली. ती लावताना त्यांच्याशी कुणी बोलायचं नाही. नजर समोरच्या पेरूच्या झाडावर, तर्जनी तोंडात. बाईला दिवसभरात तेवढाच स्वतःचा म्हणून वेळ मिळत असावा.

सिगारेट सुटल्यावर मी पहिल्यांदा सुट्टीवर निघालो तेव्हा काकूंनी संकोचत विचारलं की गावाकडची चांगली मिसरी मिळेल का. मला सिगारेट सोडायला लावणाऱ्या बाईचं काहीतरी काम करायला मिळतंय, याचाच आनंद. आईला सांगितलं. आईनं स्वतः तंबाखू निवडली, स्वतः भाजली, दोन वेळा चाळली आणि प्लास्टिकच्या बरणीत भरून दिली. 'माझ्या लेकाला जिनं माणसात आणलं तिला आपल्याकडनं एवढं तरी,' असं म्हणाली. तेव्हापासून वर्षातून दोनदा आईची बरणी माझ्या पिशवीतून हावड्याला उतरायची. काकू बरणीचं झाकण काढायच्या, हुंगायच्या आणि म्हणायच्या, "तुझ्या आईच्या हाताला नाव ठेवायला जागा नाही." आम्हा दोघांच्याही नाकांना त्यात तंबाखूचा वास आला नाही. पाच वर्षं हे चाललं. मी शिकलेला माणूस. सिगारेटच्या पाकिटावरचं चित्र बघून मान फिरवणारा. ते सडलेलं तोंड आणि ती बरणी यांची सांगड मी कधी घातली नाही. याला अज्ञान म्हणावं की बेफिकिरी, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

मग एका वर्षी काकूंची आमटी मिळमिळीत लागायला लागली. ठेचा पंगतीतून गेला, मग हिरवी मिरची गेली. मी थट्टेनं विचारलंसुद्धा की काकू, परत ओढायला लागलोय असं समजून मला बिनफोडणीची वाढता की काय? त्या हसल्या. म्हणाल्या, तोंडात जरा उष्णता झालीय, तिखट झोंबतं. खालच्या ओठाच्या आत, डाव्या बाजूला, जिथं बोट टेकायचं तिथं, एक पांढरा चट्टा पडला होता. त्यावर त्या तूप लावायच्या, ज्येष्ठमध धरायच्या. चट्ट्याचा व्रण झाला. तो महिना झाला, दोन महिने झाले, भरेना. तोंड पूर्ण उघडेना, म्हणून घास लहान झाले. दुसऱ्याचं बोट हुंगून सिगारेटी मोजणारी बाई, पण स्वतःच्या तोंडात न भरणारी जखम तीन महिने घेऊन बसली. शेवटी शुभानं रडून-भांडून त्यांना तयार केलं. तिला त्या दिवशी रजा मिळेना, म्हणून न्यू टाउनकडच्या रुग्णालयात काकूंना घेऊन मी गेलो.

तपासणाऱ्या डॉक्टरीणबाई बंगाली होत्या, पन्नाशीच्या, हळू बोलणाऱ्या. त्यांनी टॉर्च लावून पाहिलं, हिरडीवरून बोट फिरवलं, मानेच्या गाठी चाचपल्या. मग प्रश्न सुरू झाले. सिगारेट, विडी? नाही. खैनी, गुटखा, जर्दा? काकू चिडल्याच, म्हणाल्या की मी लोकांचं सोडवते. दारू? सुपारी? माहेरी कुणाला कॅन्सर? प्रत्येक वेळी उत्तर एकच, नाही. डॉक्टरीणबाईंची लेखणी थांबली. त्यांनी परत एकदा तोंडात पाहिलं आणि अगदी सहज विचारलं की दात कशानं घासता?

"मंजन," काकू म्हणाल्या.

कुठलं मंजन, म्हणून त्यांनी विचारलं. इथल्याही बायका तंबाखूची पूड दातांना लावतात, त्यांना ते ठाऊक असणार. काकूंनी कनवटीची अॅल्युमिनियमची डबी काढून टेबलावर ठेवली. डॉक्टरीणबाईंनी झाकण उघडलं आणि डबी नाकाशी नेली. डोळे मिटले. मी ते पाहिलं. डबीतली पूड मीच महिन्यापूर्वी आणलेल्या बरणीतली होती. त्यांनी डबी बंद केली आणि हिंदीत, अतिशय मऊ आवाजात सांगितलं की माँजी, ही तंबाखू आहे. काकू माझ्याकडे वळल्या. त्यांच्या नजरेत राग नव्हता. पंगतीत मी पहिल्यांदा धन्याला जिरं म्हणालो होतो, तेव्हा माझा चेहरा जसा झाला असेल तसा त्यांचा झाला होता.

त्यांनी एकच प्रश्न विचारला. आता सोडून काय उपयोग? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, उपयोग आहे. जखम लवकर भरते, औषधं लागू पडतात, दुसरीकडे नवा आजार उठायची भीती कमी होते. ज्या दिवशी सोडाल त्या दिवसापासून उपयोग आहे. काकूंनी डबी उचलली नाही. ती तिथंच टेबलावर राहिली आणि आम्ही बाहेर आलो. परतताना गाडीत त्या म्हणाल्या, "सुभेदारांना मी रोज बोलायचे. अन् बोलताना माझ्या तोंडात बोट असायचं."

पहिले आठ-दहा दिवस डोकं फुटायची वेळ आली. मिसरीशिवाय पोट साफ होईना, हात आपोआप कनवटीकडे जायचा. काकूंनी कुणापाशी कुरकुर केली नाही. मी रोज संध्याकाळी फोन करून विचारायचो, आज काय वास आला? त्या इमानदारीनं सांगायच्या. मग शस्त्रक्रिया झाली. डाव्या बाजूचा जबडा थोडा काढला, ओठाचा कोपरा गेला, मांडीची कातडी आणून गालाला लावली. नंतर किरणांचे डोस. बोलणं बोबडं झालं. लोकांना कळत नाही म्हणून त्या वहीत लिहून दाखवायला लागल्या. शाळा चौथीपर्यंतची, अक्षर मात्र टपोरं. शस्त्रक्रियेनंतर तिसऱ्या दिवशी त्यांनी माझ्यासाठी पहिलं वाक्य लिहिलं ते असं: "आईला सांग. ती रोज लावते."

मी हो म्हणालो आणि सांगितलं नाही.

कसं सांगणार होतो? तू मायेनं भाजून दिलेल्या मिसरीनं माझ्या काकूंचा जबडा नेला, असं? मी फोनवर आईला थाप मारली की काकूंना दाढेचं दुखणं झालंय, म्हणून शस्त्रक्रिया करावी लागली. खोटं एकदा बोललं की ते आपल्या पायांनी चालायला लागतं. पंधरा दिवसांनी आमच्या गावचा एक जवान सुट्टी संपवून फोर्ट विल्यमला हजर व्हायला आला, तो वाट वाकडी करून थेट बराकपूरला काकूंकडे गेला आणि आईनं दिलेली पिशवी देऊन आला. पिशवीत नवी बरणी होती. नेहमीपेक्षा कडक भाजलेली. सोबत चिठ्ठी, माझ्या भाचीकडून लिहून घेतलेली: दाढेला मिसरीसारखं औषध नाही, दिवसातून चार वेळा लावा.

रविवारी मी गेलो तर बरणी चौरंगावर ठेवलेली आणि काकू समोर बसलेल्या. माझी बोटं हुंगली, ते चुकलं नाही. मग वही पुढे केली. "तू सांगितलं नाहीस." त्यांनी परत लिहिलं: "फोन लाव." मी म्हणालो, काकू, मी आज नक्की सांगतो, घरी जाऊन निवांत सांगतो. त्यांनी 'फोन लाव' या दोन शब्दांखाली दोन रेघा ओढल्या.

आईनं फोन घेतला. पाच वर्षं एकमेकींचं नाव घेणाऱ्या या बायका त्या दिवशी पहिल्यांदा बोलल्या. काकूंनी वही बाजूला सारली. त्या बोबड्या, वाहत्या, अर्ध्या ओठाच्या आवाजात त्या म्हणाल्या, "ताई, माझा आवाज ऐका." पलीकडे आई गोंधळली, कोण बोलतंय म्हणून विचारू लागली. काकूंनी थांबून, एकेक शब्द वेगळा करून सांगितलं, "मी सुभेदारीण. माझं बोलणं असं झालं ते मिसरीनं. तुमच्या नव्हे. तुमच्या आधी चाळीस वर्षं मी लावत होते. तुम्ही मनाला लावून घेऊ नका. फक्त आज टाका." लाळ गळत होती, ती त्या पदरानं टिपत होत्या. आईच्या रडण्याचा आवाज आला. काकूंनी मला हातानं बाहेर जायला खुणावलं. मी मागच्या पायरीवर, जिथं त्या मिसरी लावत बसायच्या, तिथं जाऊन बसलो. आत दोघी बराच वेळ बोलत होत्या. काय बोलल्या ते मी विचारलं नाही.

त्या महिन्यातच रजा काढून मी गावी गेलो आणि आईला कऱ्हाडला दाखवलं. मिसरी तिनं त्याच दिवशी उकिरड्यावर टाकली होती. भाजायचा तवाही टाकून दिला होता. आईच्याही ओठाआड पांढरा चट्टा निघाला, नखाएवढा. तुकडा काढून तपासला. डॉक्टर म्हणाले, हा अजून कॅन्सर नाही, पण त्या वाटेवरचा असू शकतो. मिसरी बंद आणि दर तीन महिन्यांनी दाखवायचं. काही चट्टे नुसतं सोडल्यानं विरतात. मी बराकपूरला परतलो तो हीच बातमी घेऊन. काकूंनी दिनदर्शिकेवर, दर वर्षी नव्यानं उतरवत आणलेल्या माझ्या खुणेखाली, आईची खूण केली.

आईचा चट्टा फिका होत गेला. काकूंचा आजार मानेत परतला. न्याय म्हणून बघायला गेलं तर यात काही न्याय नाही, आणि मी तो शोधायचं सोडून दिलंय. त्या सव्वा वर्ष आणखी जगल्या. शेवटी नळीनं पोटात पातळ अन्न जायचं. त्याच सुमारास माझी पुण्याला बदली झाली. निघायच्या आदल्या रविवारी दुपारी भेटायला गेलो. पलंगाशी बसलो, काकूंनी हात पुढे केला, माझी बोटं नाकाशी नेली, डोळे मिटले, मान हलवली. मग वहीत लिहिलं: "आई?" मी सांगितलं, कालच दाखवून आली, चट्टा गेला. काकूंनी ते ऐकलं आणि वही छातीवर ठेवून बराच वेळ वर पंख्याकडे पाहत राहिल्या. डोळ्यांतून पाणी ओघळत होतं आणि त्यांनी ते पुसलं नाही.

नंतर शुभाला त्यांनी हुकूम सोडला. आमटी कर. याला जेवू घाल. शुभा इथंच वाढलेली, तिला धड मराठी स्वयंपाक येत नाही. 'आई, मी तेवढा भालो पारणार नाही गं,' असं अर्ध्या बंगालीत म्हणत ती आत गेली. मी पलंगाशेजारी खाली बसलो. थोड्या वेळानं आतून फोडणीचा चर्र आवाज आला आणि वास खोलीत शिरला. काकूंनी डोळे मिटले. पुरतं घर वासानं भरेपर्यंत त्या तशाच होत्या. मग चाचपडत पेन्सिल घेतली. अक्षर वाकडं आलं, पण वाचता येत होतं.

"हिंग विसरली."

मी आत जाऊन विचारलं. शुभा पळी हातात घेऊन उभी होती. खरंच विसरली होती. तिनं दुसरी फोडणी केली, हिंग घालून, आणि आमच्या गावच्या मापानं जरा जास्तच. काकूंनी परत वास घेतला आणि हातानं खूण केली की आता जेव. त्यांच्यासमोर बसून मी दोन वाट्या आमटी भुरकली. दोन्ही संपवल्या, कारण त्या बघत होत्या.

अठरा दिवसांनी शुभाचा फोन आला. काकूंची राख सुभेदारांच्या मागोमाग त्याच घाटावरून गेली, टोटोवाला आणि शेजारचे मास्तर दोघंही घाटावर होते, असं ती म्हणाली. मला जाता आलं नाही. मी त्या शनिवारी पुण्याहून गावी गेलो. आईला फोनवर कळलं होतं. ती ओसरीवर उभी होती. मी चपला काढल्या, नेहमीसारखा वाकून पाया पडायला गेलो, तर तिनं मला अर्ध्यात थांबवलं. माझा उजवा हात धरला. तर्जनी आणि मधलं बोट जुळवलं, नाकाशी नेलं आणि डोळे मिटले.

मी काही विचारायच्या आधीच ती म्हणाली, "त्यांनी सांगून ठेवलंय. 'मी आहे तोवर मी बघते ताई, पुढं तुम्ही बघा.'"